तासाचा दर आणि कराराची कलमे

इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविली, पाठोपाठ बी.एड.ही झाले, आणि तरीही शाळेची पायरी चढण्याचा योग काही आला नाही, असा तरुणवर्ग मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात आहे. या वर्गाला अलीकडे एक नवी वाट दाखविली जात आहे. घरी बसावे, संगणक अथवा मोबाईल समोर मांडावा आणि दूरदूरच्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवावे; मोबदला तासावर मिळेल. मोबाईल जिथे पोहोचला तिथे ही जाहिरातही पोहोचली आहे, आणि पैनगंगेच्या काठी, सागवानी जंगलाच्या कुशीत वसलेले किनवट त्यास अपवाद नाही. ही वाट सरसकट वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिच्या तोंडाशी जो करारनामा ठेवलेला असतो तो फार थोडे लोक वाचतात. बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर खिळते, तो म्हणजे तासाचा दर. आमच्या मते या संपूर्ण व्यवहारात सर्वांत कमी भरवशाचा आकडा कोणता असेल, तर तो हाच.

हा आकडा मोहात पाडतो याचे कारण समजण्यासारखे आहे. शिक्षकभरतीसाठी घेतली जाणारी अभियोग्यता चाचणी राज्यात प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी चाचणी होण्यास २०२३ चा फेब्रुवारी उजाडला आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली. पहिल्या दोहोंमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. तेवढ्यात उमेदवारांची वये काही थांबून राहिली नाहीत. खाजगी संस्थेत जागा निघालीच, तर तिच्यासाठी दबक्या आवाजात जी रक्कम उच्चारली जाते ती शेताचा तुकडा विकल्याखेरीज उभी राहत नाही. शासनाचा कलही कायम नेमणुकीकडे उरलेला नाही. किनवटला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आणि आश्रमशाळा हा तेथील शिक्षकांच्या पोटापाण्याचा एक मोठा आधार. त्याच आदिवासी विकास विभागाने २०२५ मध्ये शासकीय आश्रमशाळांतील १,७९१ शिक्षकांच्या जागा बाह्यस्रोतातून, म्हणजे मध्यस्थ कंपनीमार्फत, भरण्याचे ठरविले. त्याविरुद्ध वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबलेल्या शिक्षकांनी नाशिकला बिऱ्हाड आंदोलन मांडले. सरकारी चाकरीच जिथे कंत्राटी होऊ लागली, तिथे खाजगी कंत्राटाची भीती वाटेनाशी व्हावी, यात नवल ते कोणते?

तेव्हा प्रथम तो आकडाच तपासू. समजा, जाहिरातीत ताशी २०० रुपये म्हटले आहे. करारनामा उघडल्यावर दिसते की हिशेब तासाने नसून पाठाने आहे. पाठ २५ मिनिटांचा आणि पाठामागे ८० रुपये. घड्याळाच्या एका तासात पाठ दोनच बसतात, म्हणून २०० चे १६० येथेच झाले. पुढे अट अशी की, रोज संध्याकाळी पाच ते दहा शिक्षकाने उपलब्ध राहावे. या पाच तासांत दहा पाठांची जागा आहे, पण विद्यार्थी मिळतात सहा पाठांना. उरलेल्या वेळी शिक्षक पडद्यासमोर बसून असतो, आणि बसण्याचे पैसे नसतात. सहा पाठांचे झाले ४८० रुपये. प्रत्येक पाठानंतर मुलाच्या प्रगतीची टिपणे भरावयाची, त्यास पाच-पाच मिनिटे. दुसऱ्या दिवसाची तयारी अर्धा तास. म्हणजे पाचाचे सहा तास झाले. कंपनी हे पैसे वेतन म्हणून देत नाही, व्यावसायिक शुल्क म्हणून देते; आणि अशा शुल्काची वर्षाची बेरीज ५० हजारांच्या वर गेली की बहुधा दहा टक्के आयकर आधीच कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो खरा, पण पुढल्या वर्षी, आणि विवरणपत्र भरणाऱ्यालाच. हातात आले ४३२. इंटरनेट आणि वीज यांचे दिवसाला २० रुपये वजा करा. ४१२ रुपये आणि सहा तास, म्हणजे तासाला ६९ रुपयेही पुरते नाहीत. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०,३०० रुपये.

हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपल्या करारातले आकडे घालून हीच रीत चालवावी. पण तुलनेसाठी एवढे ध्यानात असू द्यावे की ज्या शिक्षण सेवक योजनेला वेठबिगारी म्हणून आपण सर्वांनी नावे ठेवली, त्या योजनेत सन २००० मध्ये प्राथमिक शिक्षकाला महिना ३,००० रुपये मिळत आणि २०२३ पासून १६,००० मिळू लागले. माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,०००. शिवाय तेथे तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणीची आशा होती. ताशी २०० रुपयांचे स्वप्न त्या मानधनाच्याही खाली उतरते, ही गोष्ट कागदावर पेन्सिलीने मांडल्याखेरीज लक्षात येत नाही.

दराचा दुसरा प्रकार दलालीचा. काही संकेतस्थळे शिक्षकालाच आपला दर ठरवू देतात आणि त्यातून आपला वाटा घेतात. प्रेप्ली या जगभर चालणाऱ्या संकेतस्थळाच्या दरपत्रकात हा वाटा ३३ टक्क्यांपासून सुरू होऊन शिकविलेले तास वाढतील तसा १८ टक्क्यांपर्यंत उतरत आला आहे. आणि नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी पाठाची सर्व रक्कम संकेतस्थळाची. म्हणजे विद्यार्थी जितके अधिक बदलतील तितके शिक्षकाचे फुकट तास अधिक. आमच्या बाजारसमितीतल्या अडत्यालाही असे दरपत्रक सुचले नसते! तरीही एक गोष्ट या पद्धतीच्या बाजूने सांगितली पाहिजे. वाटा किती, हे तेथे उघड लिहिलेले असते. जिथे पालकाकडून किती घेतले आणि शिक्षकाला किती दिले याचा मेळ शिक्षकाला कधीच कळत नाही, त्या व्यवहारापेक्षा हा बरा.

दरानंतर दंड. विद्यार्थी आला नाही तर पाठाचे निम्मे पैसे, किंवा काहीच नाही. शिक्षक आला नाही तर एका पाठाला दोन पाठांचे पैसे कापावयाचे, अशी कलमे या करारांतून आढळतात. येथे किनवटचा प्रश्न पुण्याहून वेगळा होतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात जंगलातून आलेल्या तारेवर फांदी पडली की वीज जाते, आणि विजेपाठोपाठ मोबाईलचा मनोराही मुका होतो. करारात मात्र ‘शिक्षकाच्या बाजूने संपर्क तुटणे’ आणि ‘शिक्षकाची गैरहजेरी’ यांना एकाच ओळीत बसविलेले असते. शाळेत पावसाने छप्पर गळले तर मास्तरांचा पगार कापल्याचे कोणी ऐकले नाही. येथे मात्र महावितरणच्या तारेची जबाबदारीही मास्तरांच्या खात्यावर पडते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देय होत नाही. झालेल्या नुकसानीची वाजवी भरपाईच मागता येते. पण कंपनीला दंड मागावा लागतच नाही. पैसे तिच्याच हातात असतात, ती ते कापून घेते, आणि मागत फिरण्याची पाळी शिक्षकावर येते.

आता या सर्वांच्या मुळाशी असलेल्या शब्दाकडे येऊ. करारात शिक्षकाला नोकर म्हटलेले नसते. ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हटलेले असते. शब्द मोठा रुबाबदार आहे. परंतु हा स्वतंत्र व्यावसायिक कोणते पुस्तक शिकवील हे कंपनी ठरवते, कोणत्या रंगाचा सदरा घालील, मागे कोणती भिंत दिसेल, पहिल्या मिनिटाला कोणते वाक्य उच्चारील, हेही तीच ठरवते. प्रत्येक पाठाचे चित्रण होते आणि त्यावर गुण दिले जातात. स्वातंत्र्य उरते ते एवढेच, की आजारी पडल्यास रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आणि काम सुटल्यास नोटीस नाही. हुकूम मानण्यापुरता चाकर आणि हक्क मागण्यापुरता त्रयस्थ, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रातल्या शिक्षकवर्गाला हे नवीन वाटू नये. खाजगी शाळेतला शिक्षक एके काळी संस्थाचालकाच्या मर्जीवर जगत होता. त्यातून त्याला बाहेर काढले ते महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ या कायद्याने. तो आणि त्याखालील नियमावली १९८१ मध्ये अमलात आली. नियमावलीच्या परिशिष्टात नेमणूकपत्राचा नमुनाच छापलेला आहे; परिवीक्षेवरील माणसालाही काढावयाचे तर एक महिन्याची नोटीस अथवा एक महिन्याचा पगार; आणि बडतर्फीविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद. अनेक विनाअनुदानित शाळांतून कागदावर एक पगार आणि हातात दुसरा, ही लबाडी चालते हे आम्हांस ठाऊक आहे. पण लबाडी करण्यास आधी कायदा असावा लागतो. ऑनलाइन शिकवणीला हा कायदा लागूच नाही, कारण तो मान्यताप्राप्त शाळांचा आहे.

बरे, कामगार कायद्याकडे वळावे तर तेथेही दार अर्धवट मिटलेले. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये निवाडा दिला की शिक्षकाचे काम उदात्त स्वरूपाचे आहे, म्हणून औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने तो ‘कामगार’ नव्हे. उदात्ततेची एवढी किंमत दुसऱ्या कोणत्या व्यवसायाने मोजली असेल? उपदानासाठीही शिक्षकांना २००९ च्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली. ती १९९७ पासून लागू झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. त्यांतील वेतनसंहिता सांगते की काम सुटल्यावर दोन कार्यदिवसांत देणे चुकते झाले पाहिजे. पण ते ‘कर्मचाऱ्या’चे. स्वतंत्र व्यावसायिकाने आपले बिल घेऊन थांबावे.

थांबणे किती महाग पडते हे बायजूजच्या उदाहरणाने दिसले. २०२२ मध्ये ज्या कंपनीचे मोल २२ अब्ज डॉलर लावले गेले होते, तिच्या कर्मचाऱ्यांचे पगार २०२४ च्या आरंभी रखडले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी कोणाचे पैसे आधी, याची उतरंड २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात दिली आहे. कंपनी मोडीत निघाल्यास प्रक्रियेचा खर्च वजा जाता कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन तारण असलेल्या कर्जदात्यांच्या पंक्तीला बसते. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे. ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून सही केलेल्या शिक्षकाचे पैसे मात्र सरकारी देण्यांच्याही मागे, शेवटच्या काही पानांत. सहीच्या वेळी रुबाबदार वाटलेल्या त्या दोन शब्दांचा अर्थ तेथे जाऊन कळतो. म्हणून महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस देणारी कंपनी आणि दर आठवड्याला चुकते करणारी कंपनी, यांत दर थोडा कमी असला तरी दुसरी पत्करावी, असे आमचे मत आहे. थकलेले पैसे म्हणजे शिक्षकाने कंपनीला दिलेले बिनव्याजी, बिनतारणी कर्ज होय.

काही कलमांच्या बाबतीत अफवाच फार आहेत, म्हणून त्यांविषयी स्पष्ट लिहिणे बरे. काम सोडल्यावर दोन वर्षे दुसरीकडे इंग्रजी शिकविणार नाही, असे लिहून घेतले जाते. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे असे बंधन निरर्थक आहे. त्याने घाबरून घरी बसू नये. परंतु ठरावीक काळ काम करीन, न केल्यास अमुक रक्कम देईन, असे बंधपत्र वेगळे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांचे, दोन लाखांचे बंधपत्र वैध ठरविले. ते सार्वजनिक बँकेतले होते, भरतीच्या खर्चाचा हिशेब त्यामागे होता, हे खरे. चार दिवसांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला तोच न्याय लागेलच असे नाही. तरी बंधपत्र म्हणजे कोरा कागद, या समजुतीने सही करणे धोक्याचे आहे. वादाची न्यायकक्षा बंगळूर किंवा गुरुग्राम, हे कलमही आता सहज झटकता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये एका खाजगी बँकेच्या नोकरीच्या करारातील असे कलम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. नऊ हजारांच्या थकबाकीसाठी किनवटहून बंगळूरला तारखा कोण करणार? हे ज्याने कलम लिहिले त्याला पक्के ठाऊक असते. आणि कामावर घेण्यापूर्वी प्रशिक्षणशुल्क, अनामत किंवा ‘नोंदणी’ म्हणून पैसे मागणारा जो असेल, त्याचा करार वाचण्याचेही कारण नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

दराबाबत आणखी एक कटू गोष्ट. या बाजारात इंग्रजी किती चांगले येते यापेक्षा पारपत्र कोणत्या देशाचे, यास मोल अधिक. चिनी मुलांना शिकविणारी व्हीआयपीकिड ही कंपनी केवळ अमेरिका-कॅनडातलेच शिक्षक घेत असे. फिलिपाइन्समधल्या शिक्षकांना त्याच कामाचे कितीतरी कमी पैसे दुसऱ्या कंपन्यांकडून मिळत. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून मुलांना शिकविण्यास मनाई केली आणि तो सगळा डोलारा काही आठवड्यांत बसला. परक्या सरकारच्या एका आदेशाने ज्याची रोजी जाते, त्याने एकाच देशाच्या, एकाच कंपनीच्या भरवशावर संसार मांडू नये.

वस्तुतः किनवटच्या शिक्षकापाशी जे आहे ते या बाजाराला अजून नीट उमगलेले नाही. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंडी, कोलामी, बंजारा बोली, तेलुगू, उर्दू आणि मराठी यांच्या वर्दळीत वाढलेला येथील मुलगा तिसरी किंवा चौथी भाषा म्हणून इंग्रजी शिकतो. क्रियापद कोठे अडखळते, ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदे का सुटतात, हे त्याने स्वतः ठेचा खाऊन जाणलेले असते. लंडनमध्ये जन्मलेल्याला हे सांगता येत नाही. नाशिकच्या किंवा अहमदाबादच्या नवशिक्याला असाच शिक्षक हवा. म्हणून शुद्ध विलायती उच्चाराच्या बाजारात सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहण्यापेक्षा आपल्याच लोकांना, त्यांच्या भाषेचा आधार देत शिकविणे, आणि त्याचा दर स्वतः ठरविणे, हे अनेकांना अधिक लाभाचे होईल.

काही जण म्हणतील, हे सर्व ज्याला निवड आहे त्याने करावे; जिला घराबाहेर पडून नोकरी करण्यास घरातूनच मुभा नाही, किंवा जिच्या मांडीवर मूल आहे, तिने दहा हजारही का नाकारावेत? तिने नाकारू नयेत. स्वतःच्या नावावरच्या खात्यात आलेले दहा हजार घरातला तिचा शब्द बदलतात, आणि ही गोष्ट कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही. आमचा आग्रह एवढाच की तिने ते दहा हजार समजून घ्यावेत, वीस समजून नव्हे. आणि तीन गोष्टी लेखी मागून पाहाव्यात. बसून राहण्याच्या तासांना थोडे तरी पैसे, वीज-इंटरनेट बंद पडल्यास महिन्यातून दोन-तीन पाठांची माफी, आणि दोन्ही बाजूंना सारखीच नोटीस. एकटीने मागितले तर नकार येईल. एकाच कंपनीत शिकविणाऱ्या दहा जणींनी एकाच दिवशी मागितले तर उत्तर निराळे येण्याचा संभव असतो. पहिल्या महिन्यापासून एक वही ठेवावी, तीत बसल्याची वेळ, शिकविल्याची वेळ आणि मिळालेले पैसे रोज लिहावेत. कंपनीच्या पडद्यावरचा हिशेब उद्या पुसला गेला तर हाच पुरावा राहील.

शासनाचे काम याहून मोठे आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने मंचांवर काम करणाऱ्यांची दखल घेतली आहे. त्यांच्यासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान द्यावे अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. पण हे सर्व लिहिताना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने मोटार चालविणारा आणि जेवणाचे डबे पोहोचविणारा माणूस होता. फळा आणि खडू गमावलेला शिक्षक त्यांना दिसला नाही. ई-श्रमवर नोंदणी करण्यास त्यालाही कोणी अडवू नये. महाराष्ट्राने १९८१ च्या नियमावलीत नेमणूकपत्राचा नमुना छापला तसाच ऑनलाइन अध्यापनाच्या कराराचा नमुना छापावा; त्यात पाठाची मिनिटे, बसण्याची मिनिटे, दंडाची कमाल मर्यादा आणि पैसे देण्याची तारीख यांचे रकाने असावेत, करार मराठीतही मिळावा, आणि महाराष्ट्रात बसून शिकविणाऱ्याची तक्रार त्याच्या जिल्ह्यात ऐकली जावी. शिक्षक आमदारांची विधानपरिषदेत स्वतंत्र बाके आहेत. तेथून अनुदानाचे प्रश्न विचारले जातात, ते विचारलेच पाहिजेत. पण या अध्यापकांविषयीचा पहिला प्रश्न कोणत्या अधिवेशनात विचारला जाणार, हे किनवटच्या बी.एड. झालेल्या मुलांनी आपल्या आमदारांना पत्र लिहून विचारावे.